मोची कोणी खाऊ नये

९ नोव्हेंबर. दिवसभर पाऊस.

घरात ज्याच्याशी बोलावं असं कोणी उरलं नाही, म्हणून ही वही काढली. तोंडाने बोलले तर घर मोडेल. कागद मुकाट ऐकून घेतो.

आज फ्रीझर आला. उचलायला चार माणसं लागली. ठेवला कुठे, तर दुकानात शिरताना डाव्या हाताला, जिथे आजोबांच्या वेळेपासून उखळ होतं. उखळ मागच्या ओसरीत गेलं, पावसाच्या तोंडावर. लाकूड फुटेल म्हटलं, तर चिनात्सु म्हणाली, वर प्लास्टिक टाकते ना, आत्या.

चिनात्सु म्हणजे माझ्या भाच्याची, मासातोची बायको. ओसाकाची आहे. चार वर्षांपूर्वी लग्न होऊन इथे, आमच्या मुराकामी गावात आली. मासातो नगरपालिकेच्या पाणीखात्यात, त्याला पिठाचा वासही सोसत नाही. मे महिन्यात दादाला, माझ्या थोरल्या भावाला आणि मासातोच्या बापाला, अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला, बोलणं जड झालं, आणि महिन्याभरात ही बाई गल्ल्यावर बसली. मी पंचेचाळीस वर्षं दादाच्या शेजारी उभं राहून चिकट तांदूळ कुटून मोची मळली. लग्न केलं नाही. आता ओसाकाच्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करून आलेली बाई मला सांगते की मोचीच्या पोटात गोड डाळ नको, आइस्क्रीम घालायचं. हिवाळ्यात. लोक शेगडीपाशी बसून खातात म्हणे.

दादाला विचारलं, तुला चालतं का हे? वर खिडकीपाशी बसल्या बसल्याच तो म्हणाला, "दुकान चालू राहील."

याला होकार म्हणत नाहीत.

१२ नोव्हेंबर. पाऊस, मग गारा.

भिंतीवर कागद लागला. वर मोठ्या अक्षरात ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’. अजून एक मोची विकली नाही, आणि नेहमी विचारणारे लोक आले कुठून?

उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की इसोएने उगाच नावं ठेवली. फ्रीझरमधून काढल्यावर लगेच खावी का? नाही, पाच मिनिटं थांबा, पारी मऊ होऊ द्या. बाहेरची पांढरी पूड झटकायची का? नको, ते बटाट्याचं सत्त्व आहे, खाल्लं तरी चालतं. वितळलेली पुन्हा गोठवली तर? गोठवू नका, आत बर्फाचे खडे होतात आणि पारी चामड्यासारखी होते. घरी नेईपर्यंत टिकेल का? घर किती लांब आहे ते सांगा, त्या हिशेबाने सुका बर्फ घालून देऊ. गहू आहे का? पारीत नाही, ती चिकट तांदळाची आहे, पण चहाच्या चवीच्या आइस्क्रीममध्ये बिस्किटाचा चुरा आहे.

आमच्या आजीला कोणी विचारलं असतं की मोचीची पूड झटकायची का, तर तिने त्याला दाराबाहेर झटकला असता.

हे सगळं मी गिळलं असतं. पण सगळ्यात खाली लाल अक्षरात लिहिलंय: कोणी खाऊ नये? लहान मुलांनी, आणि ज्यांना गिळायला त्रास होतो किंवा अर्धांग होऊन गेलंय अशा वडीलधाऱ्यांनी.

म्हणजे दादाने. या घरात अर्धांग झालेला माणूस एकच आहे. त्याच्याच दुकानात, त्याच्याच भिंतीवर, त्याचं नाव न घेता त्याला मनाई लिहिली. दुपारी ती पोस्टात गेली तेव्हा मी कागद काढून घडी करून चुलीत घातला. ती आली, भिंतीकडे पाहिलं. पाच वाजता दुसरा कागद लागला होता. या वेळी काचेच्या चौकटीत.

१६ नोव्हेंबर. ढगाळ.

टेलिफोनने डोकं उठवलं. एका बाईने विचारलं, हाताने खायची की काडीने? मी म्हटलं, पायाने खाल्लीत तरी आमची हरकत नाही. चिनात्सुने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिच्या त्या गाण्यासारख्या ओसाकी बोलीत दहा मिनिटं त्या बाईशी हसत बसली. शेवटी बाईने दोन डबे मागवले. मी आत जाऊन डाळ घाटली. डाळ प्रश्न विचारत नाही.

२० नोव्हेंबर. पहिला बर्फ, टिकला नाही.

दादाच्या ताटाबद्दल लिहायलाच हवं.

ही बाई त्याला लापशी देते. मासा वाटून देते, भाजी वाटून देते, पाण्यातसुद्धा कसली पूड घालून त्याची खळ करते. चहा चमच्यावरून ओघळत नाही, लोंबकळतो. मी एकदा चाखला. त्यापेक्षा तहानलेलं राहिलेलं बरं. मासातो म्हणतो, इस्पितळातून सांगितलंय. इस्पितळवाले सगळ्यांनाच सांगतात. मोची कुटण्यात ज्याचा जन्म गेला त्याला हे लोक सरस पाजतात.

आज पारीचा एक तुकडा उरला होता, अंगठ्याएवढा, नागदवण्याच्या पाल्याचा हिरवा. तो कागदात गुंडाळून वर नेला. दादा खिडकीपाशी खुर्चीत होता. तुकडा हातात घेऊन त्याने उलटापालटा केला. मग म्हणाला, "इसो, दुकानाची घंटा वाजली का बघ." मी जिन्यापर्यंत जाऊन आले. कोणी नव्हतं. परतले तर तुकडा संपलेला आणि दादाच्या डोळ्यांत पाणी. इतके दिवस त्याला कोणी माणसासारखं खायला दिलं नव्हतं, दुसरं काय.

रोज थोडं नेईन.

२८ नोव्हेंबर. वारा.

चिनात्सुच्या मोच्यांना भेगा पडतात. फ्रीझरमध्ये दोन दिवस राहिल्या की पारीवर उन्हाळ्यातल्या शेतासारख्या चिरा. तिने आज तीन ताटं फेकली. मला कारण माहीत आहे. ती साखर एकदम ओतते. साखर तीन वेळा घालायची, दर वेळी पारी चकाकेपर्यंत घोटायची आणि शेवटी तांदळापासून केलेला गोड पाक घालून आच बंद करायची. मग ती बर्फातही लवचिक राहते.

विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं लिहिणार होते. पण तिने विचारलं. स्वच्छ विचारलं, "आत्या, माझं कुठे चुकतंय?" मी म्हटलं, हवा कोरडी आहे.

३ डिसेंबर. पाऊस आणि बर्फ एकत्र.

दादाला संध्याकाळचा बारीक ताप येतो. खोकलाही आहे, जेवणानंतर जास्त. आवाज घोगरा झालाय, जसं काही घशात पाणी अडकलंय. या फ्रीझरच्या मोटारीची घरघर आणि गार हवा जिन्यातून सरळ वर जाते, मी पहिल्या दिवसापासून सांगतेय. खोलीचं दार बंद ठेवत जा म्हटलं. चिनात्सुने हातातलं ताट खाली ठेवलं. मग विचारलं, "तुम्ही बाबांना काही खायला देता का?"

मी नाही म्हटलं. मी खोटं बोलले असं मला वाटत नाही. पंचेचाळीस वर्षं आमच्या घरात मोचीला कोणी ‘काही’ म्हटलं नाही.

दादा मात्र सुधारतोय. आता तुकडा दिला की मिनिटभरात संपवतो. कधी चष्मा आणायला पाठवतो, कधी खिडकी लावायला. वळून बघते तो हात रिकामा. एवढ्या झपाट्याने खाणाऱ्या माणसाला म्हणे गिळता येत नाही.

११ डिसेंबर. दीड वीत बर्फ.

दुकानाबाहेर रांग होती. समोरच्या घराच्या छपराखाली साल्मन मासे टांगलेत वाळायला, त्यांच्याखाली लोक छत्र्या घेऊन उभे. भेगा अजून आहेत, पण लोकांना दिसत नाहीत. ती वर पूड भुरभुरवते.

नागुमोबाई आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, तीस वर्षं दर महिन्याला माझ्या हातची डाळीची मोची नेणाऱ्या. मी पेटी हातात घेतली, तर त्या म्हणाल्या, आज ती नवीन द्या ना, आइस्क्रीमची. मी दिली. त्यांनी तिथेच उभ्या राहून चावली. दगडासारखी होती. कवळी सरकली, तोंड धरून बसल्या. किती वेळ थांबायचं ते सांगायचं तरी, म्हणाल्या. मी चौकटीकडे बोट दाखवलं. लिहिलंय की भिंतीवर, शिक्षिका होतात ना तुम्ही.

त्या पुन्हा येणार नाहीत. मला वाईट वाटलं का? संध्याकाळपर्यंत नाही. नंतर थोडं.

२४ डिसेंबर. बर्फ.

आज उघड भांडण झालं. दादाच्या सदऱ्याच्या बाहीत तिला पांढरी पूड दिसली. ती सदरा घेऊन सरळ माझ्यासमोर आली. मी म्हटलं, सगळं घरच पुडीने भरलंय तुझ्या कृपेने. ती म्हणाली, "ही आपली पारीची पूड आहे, आत्या, आणि बाबा मे महिन्यापासून खाली दुकानात आले नाहीत. तुमचा राग माझ्यावर आहे ना, तर माझ्यावर काढा. त्यांच्या घशावर नका काढू."

घशावर. मी त्याला घास देते आणि ही म्हणते मी घशावर राग काढते. मी म्हटलं, तू तुझ्या आश्रमातल्या म्हाताऱ्यांना लापशी पाजून मारलं असशील, माझ्या भावाला नाही मारू देणार.

ती पांढरी पडली. मग हळू म्हणाली की आठ वर्षांत तिच्या हाताखाली एकही जण घास अडकून गेला नाही, आणि त्या एकाच गोष्टीचा तिला अभिमान आहे. सदरा घेऊन धुवायला गेली.

जिंकले मीच. तरी आज डाळ खाली लागली.

१ जानेवारी. स्वच्छ ऊन.

नवीन वर्ष. सगळ्यांच्या वाडग्यात मोचीचं सूप, दादाच्या वाडग्यात टोफूचा चौकोन, मोचीसारखा कापलेला. वर गाजराचं फूलसुद्धा. दादाच्या चौऱ्याहत्तर वर्षांत पहिलं नवीन वर्ष, ज्या दिवशी या घरातल्या कर्त्या पुरुषाने मोची खाल्ली नाही. दादाने टोफू चमच्याने मोडला आणि चिनात्सुला म्हणाला, छान झालंय. तिच्यासमोर दुसरं काय म्हणणार?

उद्या दुकान बंद आहे. उद्या त्याला खरी मोची देईन, तुकडा नाही. पारी मी स्वतः घोटलीय, तीनदा साखर घालून, एकही भेग नाही. आत तिचंच आइस्क्रीम भरलंय. गार असतं, निसरडं असतं, घशातून सहज उतरेल. दादाला कळू दे की तिचं खूळसुद्धा माझ्या हातून चांगलं होतं.

५ जानेवारी. बर्फ. तारीख शेजाऱ्यांच्या कॅलेंडरवर पाहिली.

तीन दिवस लिहिता आलं नाही. आता क्रमाने लिहिते, काही न गाळता.

दोन तारखेला सकाळी दहाला मी मोची वर नेली. कागदावर लिहिल्याप्रमाणे पाच मिनिटं बाहेर ठेवलेली. मासातो देवळात गेला होता, चिनात्सु मागे बर्फ उपसत होती. दादा म्हणाला, घंटा वाजली बघ. मी म्हटलं, दुकान बंद आहे, घंटा कुठली? तो म्हणाला, माझा चष्मा आण. चष्मा त्याच्या नाकावर होता. मी हसले. म्हटलं, आज मी कुठेही जाणार नाही, समोर बसून बघणार आहे. मी रात्री जागून केलीय.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने मोची उचलली, तोंडात घातली आणि चावली. पारी ताणली गेली, छान लांब. मी पारीकडेच बघत होते. मग त्याचा चावायचा आवाज थांबला. खोकला आला नाही. कसलाच आवाज आला नाही. हात गळ्याकडे गेला, चेहरा लाल झाला, मग निळसर. मी त्याचं नाव घेतलं असेन, ओरडले असेन. पाणी आणायला उठले आणि तिथेच उभी राहिले.

चिनात्सु बर्फाच्या बुटांनिशी वर आली. त्याला पुढे वाकवलं आणि पाठीत रपाटे घालायला लागली. मला पहिल्यांदा वाटलं, ही त्याला मारतेय. मी तिचा हात धरला. तिने मला कोपराने भिंतीवर ढकललं. खांदा अजून दुखतो. मग मागून कवेत घेऊन पोटाशी आवळलं, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ते बाहेर पडलं. पांढरं, लांबट, माझ्या हातचं. एकही भेग नव्हती.

दादा इस्पितळात आहे. छातीत संसर्ग आहे, जुना, आत्ताचा नाही असं म्हणतात. जुना कसा, ते मी विचारलं नाही.

७ जानेवारी. बर्फ.

दादाने डॉक्टरांना सांगितलं की त्याने स्वतः जिन्यावरून खाली येऊन फ्रीझरमधून मोची घेतली. तो काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चार पावलं टाकतो, आणि फ्रीझरचं झाकण मला दोन हातांनी उचलावं लागतं. चिनात्सु शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. मासातोने विश्वास ठेवला.

तिने माझं नाव सांगितलं असतं तर मी तिचा द्वेष करत राहिले असते आणि बरी राहिले असते.

आज ती दादाचे कपडे काढायला त्याच्या खोलीत गेली होती. खाली आली तेव्हा हातात चहाचा पत्र्याचा डबा होता. स्वयंपाकघरात माझ्यासमोर ठेवला, झाकण काढलं आणि बर्फ उपसायला निघून गेली. आत कागदी रुमालाच्या पुड्या होत्या. कप्प्यात, कपड्यांच्या मागे सापडला असणार. मी एकेक उलगडली. आतल्या मोच्या सगळ्या वाळून खडे झालेल्या. पण मी ओळखल्या. तिळाची डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली. गुलाबी, बर्फ पडला त्या दिवशीची. काहींना कडेला दाताची खूण होती, तेवढ्यावर सोडून दिलेल्या.

हिरवी नव्हती. पहिली तेवढी त्याने खाल्ली होती.

म्हणजे मला जिन्यापर्यंत पाठवायचा आणि तेवढ्यात लपवायचा. रोज. एका हाताने.

९ जानेवारी. ढगाळ.

सकाळी नाश्त्याला मासातोला सांगितलं. दादाने नाही घेतली, मी दिली, आणि नोव्हेंबरपासून देतेय. त्याने जेवायच्या काड्या खाली ठेवल्या. चिनात्सुकडे पाहिलं, आणि तिला माहीत होतं हे त्याच्या लक्षात आलं. मला वाटलं तिच्यावरही चिडेल. नाही चिडला. म्हणाला, "आत्या, यापुढे बाबांच्या खोलीत तुम्ही एकट्या जायचं नाही."

ज्याला मी पाठुंगळीला घेऊन दुकान सांभाळलं, तो मला ‘तुम्ही’ म्हणाला.

मी म्हटलं, बरं. चिनात्सु म्हणाली, यांनी हे म्हटलं नसतं तरी मी हेच करणार होते. भांडी घेऊन उठली.

१९ जानेवारी. बर्फ, वारा.

दादा घरी आला. अर्धा झालाय. खोलीत जायला चिनात्सु सोबत हवी, म्हणून मी तिची भांडी होईपर्यंत जिन्यात बसून राहिले. माझ्याच घरात.

आत गेल्यावर म्हटलं, एवढे दिवस लपवलंस, नको म्हणायचं होतंस एकदा. दादाला बोलायला वेळ लागतो. म्हणाला, "तुझा चेहरा बघून नाही म्हणता येत नव्हतं."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, पंचेचाळीस वर्षं येत होतं की. माझ्या प्रत्येक घाण्याला नाही म्हणालास. पारी जाड झाली, डाळ कोरडी झाली, मीठ कमी पडलं. एक दिवस चांगली झाली म्हणाला नाहीस. आणि जिथे जीव जात होता तिथे तुला माझा चेहरा दिसला? त्याने डोळे मिटून घेतले. चिनात्सुने माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. या वेळी ढकललं नाही.

जिन्यात म्हणाली, "ते रोज सकाळी खिडकीतून काय बघतात माहितीय? तुम्ही किती वाजता दुकान उघडता ते."

मी म्हटलं, हे तू मला का सांगतेस? ती म्हणाली, मलाही कळत नाही.

२६ जानेवारी. ऊन, छपरावरून पाणी.

गिळायला शिकवणारी बाई इस्पितळातून येऊन गेली. पंचविशीतली पोर. चमच्यात घास घेऊन उलटा धरून दाखवला. चमच्याला चिकटला तर घशालाही चिकटेल, म्हणाली. जिभेने टाळूवर दाबला तर मोडायला हवा, पण पाणी व्हायला नको. जन्मभर मी चिकटावं, ताणावं म्हणून राबले. हिने पाच मिनिटांत सगळं उलटं करून ठेवलं.

ती गेल्यावर मी चिनात्सुला विचारलं, आश्रमात तुम्ही तांदळाचं गोड काही करत होतात का, असं न चिकटणारं? ती म्हणाली, करत होतो. शिकव म्हटलं. तिने हात पुसले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पारीला भेगा का पडतात ते सांगा. मग शिकवते."

एवढी वाईट बाई नाही पाहिली. मी सांगितलं. तीन वेळा साखर, दर वेळी चकाकेपर्यंत, शेवटी पाक. ती लिहून घेत होती. लिहून झाल्यावर पेन ठेवलं आणि म्हणाली, "हवा कोरडी होती, नाही का?"

मी तांदूळ भिजत घातले.

४ फेब्रुवारी. बर्फ.

तांदूळ भरपूर पाण्यात गळेपर्यंत शिजवायचा, गरम असतानाच वाटायचा, वाटताना चिकटपणा तोडणारी पूड घालायची, मग घट्टपणा आणणारी पूड घालून साच्यात ओतायचा. ऐकायला पोरखेळ. पहिल्यांदा केलं तर चमच्याला धरून बसलं. चिनात्सुने चमचा उलटा धरून माझ्यासमोर हलवला आणि घास मोरीत टाकला. तांदूळ थंड होऊ दिलात, म्हणाली.

दुसऱ्यांदा पाणी सुटलं. तेही मोरीत. "हे छातीत जाईल. पुन्हा."

माझ्याशी या सुरात माझा बापही बोलला नव्हता. मी म्हटलं, थोडं गोड बोललीस तर जीभ झिजेल का? ती म्हणाली, मी चार वर्षं गोड बोलत होते, आत्या.

दुकानात तिच्या मोच्यांना आता भेगा पडत नाहीत. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, माझे वडील नव्वदीचे आहेत, त्यांना नेऊ का? मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, अहो पण बारीक कापून? मी म्हटलं, नाही म्हणजे नाही, आणि पेटी मागे घेतली. तो रागावून गेला. जाऊ दे.

१३ फेब्रुवारी. थंडी, पण ऊन.

तिसऱ्यांदा नाही, सातव्यांदा जमलं. चिनात्सुने चमचा उलटा केला, घास सुटून बशीत पडला, मोडला नाही. तिने बोटाने दाबला, मोडला. जिभेवर ठेवून टाळूवर दाबला. मला वाटलं पुन्हा मोरी. म्हणाली, चला वर.

मी बशी घेतली. तिने बशी माझ्या हातून काढून घेतली, मग काय वाटलं कोण जाणे, परत दिली आणि माझ्या मागून चढली.

दादाला ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली. ती शेजारी, मी समोर. चमच्यात अगदी थोडं घ्यायचं, ते तोंडात गेलं की चमचा सरळ बाहेर काढायचा, आणि गळ्याची गोटी वर जाऊन खाली येईपर्यंत पुढचा घास द्यायचा नाही. मी गळ्याकडे बघत होते. दुसरीकडे कुठेच नाही. गोटी वर गेली, खाली आली. खोकला नाही. दुसरा घास. तिसरा. चिनात्सुने त्याला ‘आ’ म्हणायला सांगितलं. आवाज कोरडा होता, स्वच्छ.

मोची नव्हती ती. ताणली जात नव्हती, दाताला लागत नव्हती, कुटलेलीसुद्धा नव्हती. असल्या गोष्टीला आमच्या दुकानात कोणी ताट दिलं नसतं.

चौथ्या घासानंतर दादाने डावा हात वर केला. आम्ही दोघी थांबलो. त्याने जीभ टाळूला लावून चव घेतली, माझ्याकडे पाहिलं आणि शब्द जुळवत म्हणाला, "साखर जास्त झालीय."

चिनात्सु हसू दाबत खिडकीकडे वळली, तिचे खांदे हलत होते.

साखर अजिबात जास्त नव्हती. मी स्वतः मोजून घातली होती. उद्या कमी घालून बघते.